कायदा, गुन्हा आणि बालवाचक : प्राचीन रोमवरील किशोर रहस्यकादंबऱ्यांचा चिकित्सक अभ्यास
(कॅरोलिन लॉरेन्स यांच्या ‘द रोमन मिस्टरीज’ या मालिकेच्या विशेष संदर्भात)

सारांश

रहस्यकादंबरी हा न्यायाचे आश्वासन देणारा साहित्यप्रकार आहे. गुन्हा घडतो, शोध होतो, गुन्हेगार सापडतो आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसते. परंतु ज्या समाजातील सर्वांत मोठा अन्याय हाच तेथील कायदा असतो, त्या समाजाची पार्श्वभूमी निवडल्यास या आश्वासनाचे काय होते? प्राचीन रोमच्या पार्श्वभूमीवर मुलांसाठी लिहिलेल्या रहस्यकादंबऱ्यांचा, विशेषतः कॅरोलिन लॉरेन्स यांच्या सतरा कादंबऱ्यांच्या मालिकेचा, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात विचार केला आहे. रहस्याची चौकट गुलामगिरीचे दर्शन कोठवर घडवू शकते आणि कोठे थांबते, याची चिकित्सा हा या लेखाचा हेतू होय.

बीजशब्द : किशोर साहित्य, ऐतिहासिक कादंबरी, रहस्यकथा, प्राचीन रोम, गुलामगिरी, रोमन कायदा

प्रस्तावना

ऐतिहासिक कादंबरी आणि रहस्यकादंबरी या दोन्ही प्रकारांचा भूतकाळाशी संबंध असतो. ऐतिहासिक कादंबरी होऊन गेलेला काळ उभा करते, तर रहस्यकादंबरी होऊन गेलेल्या एका घटनेचा माग काढते. दोन्ही ठिकाणी अवशेष, खुणा, साक्षी आणि कागदपत्रे यांच्या आधाराने ‘काय घडले’ याची जुळणी करावी लागते. त्यामुळे या दोन प्रकारांचा संयोग स्वाभाविक वाटतो. इंग्रजीत प्रौढ वाचकांसाठी लिंडसे डेव्हिस यांनी १९८९ पासून आणि स्टीव्हन सेलर यांनी १९९१ पासून प्राचीन रोमवरील रहस्यमालिका लिहिल्या. मुलांसाठी हाच संयोग त्याआधी, विसाव्या शतकाच्या मध्यावरच झालेला होता.

मुलांच्या वाङ्मयात मात्र या संयोगापुढे एक वेगळी अडचण उभी राहते. बालवाचकाला रहस्यकथेतून जे समाधान मिळते ते मुख्यतः नैतिक स्वरूपाचे असते. वाईट करणारा सापडतो आणि चांगल्यांना न्याय मिळतो, हे ते समाधान. रोममध्ये चोरी, खून, अपहरण हे गुन्हे होते. परंतु माणूस विकत घेणे, त्याला साखळीने बांधणे, त्याला फटके मारणे हे गुन्हे नव्हते. तो मालकाचा हक्क होता. मग रहस्यकादंबरीतील बालनायिका नेमका कोणाचा शोध घेते? कायदा मोडणाऱ्याचा, की अन्याय करणाऱ्याचा? या दोन प्रश्नांची उत्तरे रोममध्ये एक नाहीत. याच तफावतीत या साहित्याचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही आहे.

पूर्वपरंपरा : विंटरफेल्ड यांची विद्यार्थी-टोळी

या परंपरेत हेन्री विंटरफेल्ड या जर्मन लेखकाची १९५३ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी महत्त्वाची ठरते. इंग्रजी भाषांतरात ती ‘डिटेक्टिव्ह्ज इन टोगाज’ या नावाने परिचित आहे. रोममधील श्रीमंत घराण्यांतील मुलांची एक छोटी शाळा, कडक शिस्तीचे शिक्षक झँथस आणि ‘कायस मूर्ख आहे’ हे मेणपाटीवर लिहिलेले वाक्य, येथून कथानकाला सुरुवात होते. तेच वाक्य दुसऱ्या दिवशी मिनर्व्हाच्या मंदिराच्या भिंतीवर आढळते. मंदिर सम्राटाला अर्पण केलेले असल्याने ही खोडी न राहता अपवित्रतेचा अपराध ठरतो आणि रूफस या विद्यार्थ्याला अटक होते. त्याचे हस्ताक्षर हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा असतो.

विंटरफेल्ड यांचे कौशल्य असे की, रोमचा तपशील त्यांनी सजावट म्हणून वापरलेला नाही, तर त्याला पुराव्याचे काम दिले आहे. मेणपाटी, भिंतीवरील लेखन, स्नानगृहे हे सर्व शोधाच्या साखळीतील दुवे बनतात. तथापि शोध घेणारी सर्व मुले एकाच वर्गातील आहेत. ती सिनेटरांची आणि सेनानींची मुले आहेत. गुलाम त्यांच्या अवतीभवती वावरतात, पण शोधाच्या केंद्रस्थानी येत नाहीत. १९६९ च्या दुसऱ्या कादंबरीत एक गुलाम कथानकाला चालना देतो. परंतु तेथेही प्रश्न एका सिनेटरच्या प्राणांचा आहे. धोका आहे तो सत्तेच्या शिखरावरील कारस्थानाचा. सत्तेच्या पायाशी जे आहे त्याकडे दृष्टी वळत नाही. रोम येथे मूलतः सुव्यवस्थित आहे आणि मुलांनी फक्त त्यातील एक चूक दुरुस्त करावयाची आहे.

लॉरेन्स यांची मालिका : रचना आणि कालपट

कॅरोलिन लॉरेन्स यांनी अभिजात भाषांचे शिक्षण घेतले आणि लंडनमधील प्राथमिक शाळेत लॅटिन शिकवले. त्यांची ‘द थीव्ज ऑफ ऑस्टिया’ ही पहिली कादंबरी २००१ साली आणि ‘द मॅन फ्रॉम पॉमग्रॅनट स्ट्रीट’ ही सतरावी व अखेरची कादंबरी २००९ साली प्रसिद्ध झाली. २००७-०८ मध्ये बीबीसीने या मालिकेवर दूरचित्रवाणी मालिकाही केली.

मालिकेचा काळ अतिशय नेमका आहे. इ.स. ७९ च्या जूनमध्ये सम्राट व्हेस्पेशियनचा मृत्यू होऊन टायटस गादीवर येतो आणि इ.स. ८१ च्या सप्टेंबरमध्ये टायटसचा मृत्यू होतो. मालिकेचा कालपट जवळजवळ या एका कारकिर्दीएवढा आहे. व्हेसुव्हियसचा उद्रेक, इ.स. ८० मधील रोमची आग आणि साथ, त्याच वर्षी झालेले भव्य रंगमंडलाचे, म्हणजे आज कलोसियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूचे उद्घाटन या सर्व घटना या सव्वादोन वर्षांत सामावल्या आहेत.

चार मुले ही मालिकेची नायकमंडळी आहेत. फ्लेविया जेमिना ही ऑस्टिया बंदरातील जहाजमालक कप्तानाची सुमारे दहा वर्षांची मुलगी. जोनाथन हा शेजारच्या ज्यू वैद्याचा मुलगा. नूबिया ही आफ्रिकेतून पकडून आणलेली गुलाम मुलगी आणि लूपस हा जीभ कापलेला, बोलू न शकणारा भिकारी मुलगा. विंटरफेल्ड यांच्या एकजिनसी टोळीशी तुलना करता हा बदल मूलगामी आहे. रोमन समाजाचे चार स्तर येथे एका टोळीत एकत्र आणले आहेत. जन्माने स्वतंत्र नागरिक, पराभूत समाजातील परका, गुलाम आणि निराधार. कथनाचा दृष्टिकोनही या चौघांमध्ये फिरत राहतो. त्यामुळे एकच घटना कोणाच्या डोळ्यांनी पाहिली जाते यावर तिचा अर्थ अवलंबून राहतो, ही जाणीव बालवाचकाला कथेच्या ओघातच होते.

प्रकरणांना ‘गुंडाळी पहिली’, ‘गुंडाळी दुसरी’ अशी नावे देणे आणि मुलांचा शिक्षक ॲरिस्टो याच्या नावाने शेवटी शब्दसंग्रह जोडणे ही मालिकेची आणखी वैशिष्ट्ये होत. या शब्दसंग्रहाचा प्रश्न पुढे उपस्थित होईल.

रोममध्ये शोध कोण घेत असे?

बाल-डिटेक्टिव्ह ही कल्पना आधुनिक असून ती रोमवर लादली आहे, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. वरवर पाहता तो खरा वाटतो. फ्लेवियाचे आत्मविश्वासपूर्ण वागणे विसाव्या शतकातील अमेरिकन नॅन्सी ड्रूच्या वळणाचे आहे, हे लपून राहत नाही. परंतु रोमन न्यायव्यवस्थेकडे पाहिल्यास हा आक्षेप अर्धाच टिकतो. ऑगस्टसने इ.स. ६ मध्ये आग विझवणे व रात्रीची गस्त यांसाठी पथके स्थापन केली होती. परंतु गुन्ह्यांचा तपास करणारी, पुरावा गोळा करणारी स्वतंत्र सरकारी यंत्रणा रोममध्ये नव्हती. फिर्याद खाजगी व्यक्तीने करावयाची आणि साक्षीपुरावे तिनेच जमवावयाचे, अशीच साधारण रीत होती. म्हणजे ज्याची वस्तू हरवली त्यानेच ती शोधावी, हे रोमच्या वास्तवाला धरून आहे. खाजगी शोध ही तेथे हौस नव्हती, गरज होती.

खरी अडचण वेगळीच आहे. रोमन कायद्याला ‘हे कोणी केले’ या प्रश्नात नेहमीच रस होता असे नाही. इ.स. ६१ मध्ये रोमचा नगरप्रमुख पेडानियस सेकुंडस याचा त्याच्याच एका गुलामाने खून केला. टॅसिटसने या प्रकरणाची हकिकत दिली आहे. खून एकाने केला होता. पण मालकाचा खून झाल्यास त्या छपराखालील सर्व गुलामांना मृत्युदंड द्यावा या नियमानुसार त्या घरातील ४०० गुलामांना मारण्यात आले. सिनेटमध्ये चर्चा झाली, रस्त्यावर जमावाने विरोध केला, तरीही नीरोने सैनिकांच्या पहाऱ्यात शिक्षा अमलात आणली. रहस्यकथेचा पायाच येथे उखडला जातो. दोषी आणि निर्दोष यांना वेगळे करणे हे रहस्यकथेचे काम. तर या नियमाचे काम नेमके उलटे, म्हणजे तो भेद पुसून टाकण्याचे.

दुसरी बाब साक्षीची. रहस्यकथेत नोकरचाकरांच्या जबानीला फार महत्त्व असते, कारण घरातील सर्व काही त्यांनीच पाहिलेले असते. रोमन न्यायालयात गुलामाची साक्ष सामान्यतः छळ करूनच घेतली जाई. छळाविना दिलेली त्याची साक्ष विश्वासार्ह मानली जात नसे. म्हणजे ज्याने सर्वांत जास्त पाहिले, त्याच्या बोलण्याला स्वतःचे असे मूल्य नव्हते.

या पार्श्वभूमीवर लूपस हे पात्र लॉरेन्स यांची सर्वांत अर्थपूर्ण निर्मिती ठरते. तो सगळीकडे शिरू शकतो, सर्व काही पाहतो, पण सांगू शकत नाही. पाहणारा पण न बोलू शकणारा साक्षीदार ही रोममधील तळाच्या माणसाची स्थिती त्याच्या शरीरातच कोरली गेली आहे. तो मेणपाटीवर लिहायला शिकतो आणि त्याच क्षणापासून टोळीचा खरा सदस्य होतो. साक्षरतेचे हे चित्रण कोठेही उपदेशात्मक झालेले नाही. ‘द डॉल्फिन्स ऑफ लॉरेंटम’ (२००३) मध्ये उलगडते की त्याची जीभ त्याच्या सख्ख्या काकानेच कापली होती; लूपसच्या वडिलांच्या खुनाला वाचा फुटू नये हा त्यामागील हेतू. साक्षीदाराला गप्प करणे हा गुन्हेगारी कथांमधील परिचित घटक येथे अक्षरशः साकार होतो.

नूबियाची खरेदी

मालिकेचा नैतिक पेच पहिल्याच कादंबरीत निर्माण होतो. गुलामांच्या व्यापाऱ्याच्या साखळीत बांधलेली आपल्याच वयाची मुलगी फ्लेवियाला दिसते. तिची दशा पाहून फ्लेविया व्याकुळ होते आणि वाढदिवसानिमित्त मिळालेल्या पैशांतून तिला विकत घेते. बालवाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. परंतु घडते काय, तर एक विक्री. व्यापाऱ्याला त्याची किंमत मिळते आणि फ्लेविया मालकीण होते. करुणेला व्यक्त होण्यासाठी रोमने जो एकमेव मार्ग ठेवला होता तो खरेदीचा होता, हे कादंबरी स्पष्ट शब्दांत सांगत नाही. पण घटनेची रचनाच ते दाखवते. नूबिया हे नावही व्यक्तीचे नाही, प्रदेशाचे आहे. गुलामाला त्याच्या मूळ मुलखाच्या नावाने हाक मारण्याची रोमन पद्धत होती. ही मुलगी संपूर्ण मालिकेत त्याच नावाने वावरते.

पुढे फ्लेविया तिला मुक्त करते. येथे कायद्याचा प्रश्न येतो. इ.स. ४ मधील एलिया सेंटिया कायद्यानुसार विधिवत मुक्ती देणाऱ्या मालकाचे वय किमान वीस आणि मुक्त होणाऱ्याचे किमान तीस असणे आवश्यक होते. अपवादासाठी विशेष समितीपुढे कारण सिद्ध करावे लागे. शिवाय वडिलांच्या सत्तेखालील मुलीला स्वतःची मालमत्ताच नसे. तिने खरेदी केलेला गुलाम कायद्याने वडिलांचा. म्हणजे दहा वर्षांच्या मुलीने मैत्रिणीला दिलेले स्वातंत्र्य भावनेच्या दृष्टीने पूर्ण, पण कायद्याच्या दृष्टीने ठिसूळ आहे. लॉरेन्स यांना हे ठाऊक होते, याचा प्रत्यय ‘द स्लेव्ह-गर्ल फ्रॉम जेरुसलेम’ (२००७) मध्ये येतो. मरणापूर्वी मालकाने आपल्याला मुक्त केले, असे म्हणणाऱ्या एका स्त्रीचे प्रकरण तेथे न्यायालयात जाते आणि तिच्यावर खुनाचा आरोपही येतो. स्वातंत्र्य ही अवस्था नसून पुराव्याने सिद्ध करावयाची बाब आहे, हे त्या खटल्यातून दिसते. माणूस स्वतंत्र आहे की नाही हेच रहस्य बनणे, हा रहस्यकादंबरीच्या चौकटीचा अत्यंत समर्पक उपयोग होय.

पळवलेली मुले : कायद्याने आखलेली रेषा

‘द पायरेट्स ऑफ पॉम्पेई’ (२००२) मध्ये उद्रेकानंतरच्या निर्वासितांच्या छावणीतून मुले नाहीशी होऊ लागतात. ‘द कलॉसस ऑफ ऱ्होड्स’ (२००५) मध्ये मुलांना पळवून गुलाम म्हणून विकणाऱ्यांचा माग काढला जातो. दोन्ही कादंबऱ्यांत गुन्हा समान आहे. स्वतंत्र जन्मलेल्या मुलांना बेकायदेशीरपणे गुलाम बनवणे. रोमन कायद्यातही हा गुन्हाच होता. स्वतंत्र व्यक्तीला किंवा दुसऱ्याच्या गुलामाला पळवणे फेबियस कायद्याने दंडनीय होते.

रहस्यकादंबरीच्या चौकटीची मर्यादा येथेच उघड होते. पळवलेली मुले सापडली, ती आईवडिलांकडे परतली की रहस्य सुटते. पण त्याच बाजारात, त्याच व्यापाऱ्याकडे कायदेशीरपणे विकली जाणारी मुले तशीच राहतात. कथानकाला गुन्हेगार हवा असतो आणि गुन्हेगार ठरवतो कायदा. परिणामी ‘स्वतंत्र मुले गुलाम झाली’ हा अन्याय ठरतो, ‘मुले गुलाम आहेत’ हा नव्हे. लूपसच्या काकाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. तो गुलामांचा व्यापारी आहे. नूबियाला विकणारा हाच. कथानक त्याला भावाच्या खुनासाठी आणि पुतण्याच्या अंगविच्छेदासाठी दोषी ठरवते. त्याच्या धंद्यासाठी त्याच्यावर खटला होऊ शकत नाही, कारण तो धंदा कायदेशीर आहे.

ही रेषा मोडण्याचे काम नूबिया करते. तीही स्वतंत्र जन्मलेली आहे. तिचे कुटुंब होते, कबिला होता. तिलाही पळवूनच आणले आहे. पण ती साम्राज्याच्या सीमेबाहेरची असल्याने तिचे अपहरण हे अपहरण ठरत नाही. पॉम्पेईची मुले घरी परततात. नूबियाला परत नेण्यासाठी कोणी येत नाही. छावणीतील हरवलेल्या मुलांचा शोध घेणाऱ्या टोळीतच एक हरवलेले मूल आहे आणि तिचा शोध कोणी घेत नाही, ही विसंगती लॉरेन्स यांनी स्पष्ट शब्दांत मांडलेली नाही. परंतु चार पात्रांची निवडच अशी आहे की सावध वाचकाला ती जाणवल्याशिवाय राहत नाही. नूबियाचा भाऊ पुढे ‘द ग्लॅडिएटर्स फ्रॉम कॅपुआ’ (२००४) मध्ये ग्लॅडिएटरांमध्ये आढळतो, तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र होतो.

येथे लेखिकेने एक उपायही शोधला आहे. काकाचे जहाज पुढे लूपसच्या मालकीचे होते आणि पळवलेल्या मुलांच्या शोधासाठी ते वापरले जाते. गुलाम वाहून नेणारे जहाज गुलामांच्या सुटकेसाठी निघणे ही प्रतिमा प्रभावी आहे. परंतु ते व्यक्तीचे प्रायश्चित्त आहे, व्यवस्थेचे नव्हे.

जेव्हा गुन्हेगार सम्राट असतो

मालिकेतील सर्वांत धाडसी कादंबरी म्हणून ‘द अॅसॅसिन्स ऑफ रोम’ (२००२) चा निर्देश करावा लागेल. इ.स. ७० मध्ये टायटसच्या सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केले. जोसेफसने त्या युद्धातील बंदिवानांची संख्या ९७,००० दिली आहे. आकडा अतिशयोक्त असला तरी त्यामागील वस्तुस्थिती निर्विवाद आहे. त्या वेढ्यात मरण पावली असे समजलेली आपली आई जिवंत असून रोममधील नीरोच्या सुवर्णप्रासादात गुलाम आहे, हे जोनाथनला कळते. शोध यशस्वी होतो. पण गुन्हेगार कोण? तिला गुलाम करणारा सेनापती आता सम्राट आहे. युद्धात जिंकलेल्यांना गुलाम करणे हा मान्य नियम आहे. शिवाय टायटस हा मालिकेत दुष्ट नाही. तो सौम्य, उदार आणि पश्चात्तापाने ग्रस्त असा रंगवला आहे.

येथे रहस्यकादंबरीचे आश्वासन मोडते आणि ते मोडू देण्यातच कादंबरीचे मोठेपण आहे. काय घडले हे कळते, कोणी केले हेही कळते, पण न्याय मागण्यासाठी कोठे जावे हे कळत नाही. जोनाथनच्या मनात या शोधातून अपराधभाव आणि क्रोध निर्माण होतो. ‘द एनिमीज ऑफ ज्युपिटर’ (२००३) मध्ये त्याचे पडसाद इ.स. ८० च्या साथीच्या आणि आगीच्या पार्श्वभूमीवर उमटतात. सत्य कळले म्हणजे शांती मिळते, हे गृहीतक येथे खोटे ठरते. दहा-बारा वर्षांच्या वाचकासाठी ही कठीण गोष्ट आहे. पण ती त्याला दिली जाते, हे मोलाचे.

तथ्य, पुरावा आणि त्यांचे बदलते स्वरूप

‘द सीक्रेट्स ऑफ व्हेसुव्हियस’ (२००१) ही कादंबरी धाकट्या प्लिनीने टॅसिटसला लिहिलेल्या पत्राच्या आधारे उभी आहे. ‘निसर्गेतिहास’ हा ३७ खंडांचा ग्रंथ लिहिणारा थोरला प्लिनी स्टॅबियाच्या किनाऱ्यावर कसा मरण पावला, हे त्या पत्रात आहे. रेक्टिना या स्त्रीचा पत्रातील ओझरता उल्लेख घेऊन लॉरेन्स यांनी तिला एक संपूर्ण कथानक दिले आहे. कागदपत्रातील एका नावाभोवती शक्यतांचे विणकाम करणे ही ऐतिहासिक कादंबरीची उत्तम रीत होय.

उद्रेकाची २४ ऑगस्ट ही पारंपरिक तारीख कादंबरीने स्वीकारली आहे. २०१८ साली पॉम्पेईतील एका भिंतीवर कोळशाने लिहिलेला, ऑक्टोबरच्या मध्याची तारीख असलेला मजकूर सापडला आणि उद्रेक शरद ऋतूत झाला असावा या मताला बळ मिळाले. यामुळे कादंबरीला उणेपणा येत नाही. उलट वर्गात शिकवताना हा उत्तम दाखला ठरतो. भिंतीवरील खरडलेल्या ओळीवरून विंटरफेल्ड यांच्या मुलांनी जे केले, तेच पुरातत्त्वज्ञांनीही केले. इतिहासही पुरावा सापडेपर्यंतच अंतिम असतो.

मर्यादा

मालिकेच्या तीन मर्यादांची नोंद करणे आवश्यक आहे.

पहिली मर्यादा फ्लेवियाच्या मनोधारणेची. तिची सदसद्विवेकबुद्धी बहुधा आजच्या वाचकाची आहे. गुलामांना माणुसकीने वागवावे असे सेनेकासारख्या रोमन विचारवंताने लिहिले होते, हे खरे. पण तोही गुलामगिरी नष्ट करावी असे म्हणत नव्हता. ‘द पायरेट्स ऑफ पॉम्पेई’मधील पुलक्रा ही श्रीमंत मुलगी आपल्या दासीशी जी क्रूरता दाखवते, ती तत्कालीन समाजात अपवादात्मक नव्हती. क्रूर पुलक्रा आणि दयाळू फ्लेविया अशी विभागणी केल्यामुळे प्रश्न स्वभावाचा होतो. वास्तविक मालकी दयाळू असली तरी मालकीच असते.

दुसरी मर्यादा शब्दसंग्रहाची. वस्त्रे, नाणी, देवता, खाद्यपदार्थ यांच्यासोबत गुलामगिरीशी संबंधित शब्दही एकाच शांत, माहितीपर सुरात समजावले जातात. कादंबरीच्या पानांवर जे दुःख म्हणून येते ते शेवटच्या पानांवर माहिती होते.

तिसरी मर्यादा प्रेक्षणीयतेची. ‘द ग्लॅडिएटर्स फ्रॉम कॅपुआ’ ही कादंबरी रंगमंडलाच्या उद्घाटनप्रसंगीच्या शंभर दिवसांच्या खेळांवर आधारित आहे. त्या खेळांत ९,००० प्राणी मारले गेल्याचे डिओ कॅशियसने नमूद केले आहे. लेखिका हिंसेचा निषेध करते. परंतु वाचकाला रिंगणाच्या कडेला बसवूनच. कथानकाची गती आणि दृश्याचे आकर्षण यांमुळे वाचक काही काळ रोमन प्रेक्षकांतील एक होतो. ही अडचण विषयातच आहे, हे मान्य करूनही तिची दखल घ्यावी लागते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने

मराठी किशोर साहित्यात भा. रा. भागवत यांच्या ‘फास्टर फेणे’ने शोध आणि साहस यांची एक दमदार परंपरा निर्माण केली. ऐतिहासिक कादंबरीची परंपरा तर हरिभाऊ आपटे, नाथमाधव यांच्यापासूनची. किशोरांसाठी हे दोन प्रवाह एकत्र आणू इच्छिणाऱ्या लेखकापुढे लॉरेन्स यांच्यासारखाच पेच येईल. आपल्या इतिहासातही रूढीने आणि शास्त्राने मान्य केलेले अन्याय होते आणि त्या काळचा न्यायाधीश त्यांना गुन्हा मानत नव्हता.

‘गुलामगिरी’ हा शब्द मराठी वाचकाला केवळ इतिहासातून भेटत नाही. महात्मा फुले यांनी १८७३ साली याच नावाचा ग्रंथ लिहिला आणि गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला. त्या ग्रंथाने हा शब्द एखाद्या बेकायदेशीर कृत्यासाठी नव्हे, तर संपूर्ण मान्यताप्राप्त समाजव्यवस्थेवरील आरोप म्हणून वापरला. त्यामुळे मराठी वाचक या मालिकेला जो प्रश्न विचारेल तो अधिक मूलगामी असेल. गुन्हेगार सापडला, हे ठीक. पण बाजार अजून चालू आहे का?

निष्कर्ष

१. विंटरफेल्ड यांच्या कादंबऱ्यांत रोम ही मूलतः न्याय्य व्यवस्था असून रहस्य म्हणजे तीत आलेला तात्पुरता बिघाड आहे. लॉरेन्स यांनी टोळीची सामाजिक रचना बदलून ही धारणा आतून हलवली.

२. रोममध्ये तपासयंत्रणा नसल्याने खाजगी शोधाची कल्पना इतिहासाशी विसंगत नाही. विसंगती आहे ती दोषी-निर्दोष भेदावर उभ्या असलेल्या साहित्यप्रकारात आणि ४०० निर्दोषांना मारणाऱ्या कायद्यात.

३. मालिकेची कथानके बहुधा कायद्याने गुन्हा मानलेल्या अन्यायाचाच शोध घेतात. कायदेशीर अन्याय कथानकाच्या नव्हे, तर पात्रांच्या आधारे व्यक्त होतो. नूबियाचे टोळीतील असणे हाच मालिकेतील न सुटलेला खटला आहे.

४. जेथे रहस्य सुटूनही न्याय मिळत नाही, अशा कादंबऱ्या, विशेषतः ‘द अॅसॅसिन्स ऑफ रोम’, मालिकेतील सर्वांत परिपक्व ठरतात. बालवाचकाला समाधान नाकारण्याचे धैर्य हे येथे वाङ्मयीन गुणाचे लक्षण होय.

५. अभ्यासक्रमात अशा साहित्याचा समावेश करताना ‘गुन्हेगार कोण’ या प्रश्नापाशी न थांबता ‘कोणती गोष्ट गुन्हा मानली गेली नाही’ हा दुसरा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे आवश्यक आहे. ही मालिका तो प्रश्न विचारण्यास पुरेशी सामग्री देते. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी मात्र वाचकावर आणि अध्यापकावर राहते.